नख अडकतं का बघायचं

रुस्तावीच्या बाजारात गाड्या समुद्रावरून येतात,
पोतीच्या बंदरातून ट्रेलरवर, चार खाली, तीन वर,
अमेरिकेत कुणाला तरी ठोकून झालेल्या.
पत्रा झुरा सरळ करतो.
मग माझ्याकडे.

ही निळी. ट्यूबलाइटखाली अगदी साळसूद.
दिवा तिरका धरला की बोलायला लागते:
उजेडाभोवती कोळ्याचं जाळं,
धुलाईच्या ब्रशांनी वर्षानुवर्षं विणलेलं.
हँडलमागच्या वाटीत नखांच्या रेघा,
त्यातली एक अंगठीची, जरा खोल.
डिकीच्या काठावर ओढलेल्या सामानाचे फराटे.
आणि मागच्या दारावर, माझ्या गुडघ्याच्या उंचीला,
दगडाने काढलेलं एक तोंड.
गोल, दोन डोळे.
नाक काढायच्या आत कुणीतरी जेवायला हाक मारली असावी.

मी नख आडवं फिरवते. अडकलं तर ओरखडा रंगात उतरलाय,
माझ्या हातचा राहिला नाही.
घसरलं तर वरच्या पारदर्शक थरातच आहे.
इथे अडकतंही, घसरतंही.

लोकांना वाटतं आम्ही ओरखडा भरतो.
भरत नाही.
काढतही नाही, काढणार काय,
ती तर नसलेली जागा.
आजूबाजूचं सगळं
त्याच्याइतकं खाली आणायचं,
मग खोल असं कुणी उरत नाही.

हे मी पोलादाच्या कारखान्यात शिकले.
प्रयोगशाळेत अकरा वर्षं बोटभर तुकडे घासले,
दोनशेचा कागद, चारशेचा, हजाराचा,
दर कागदाला तुकडा काटकोनात फिरवायचा,
म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं.
शेवटी मखमलीवर, आरसा होईस्तोवर.
मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, भेग कुठे आहे.
तेव्हा चकाकी आणायचो दोष दिसावा म्हणून.
कारखाना बंद पडला.
आता हात तेच, काम उलटं.

छतावर यंत्र टेकवलं: एकशे सव्वीस मायक्रॉन.
बॉनेटवर एकशे एकवीस.
मागच्या दारावर, तोंडाच्या कपाळाशी,
ब्याऐंशी.

पुन्हा टेकवलं. ब्याऐंशीच.

म्हणजे माझ्याआधी कुणीतरी इथे उकिडवं बसून
हेच दार घासून गेलंय,
बहुधा दोनदा.
म्हणजे हे तोंड पहिलं नाही.
बापाने पुसून आणलं,
पोराने परत काढलं.
केवढा चिवट असेल!

"मेण चोप," झुरा म्हणाला,
"दोन धुण्यांपर्यंत टिकतं.
तोवर बाई ग्युमरीला पोचलेली असेल."
बाई दारातच उभी होती. शुशानिक नाव,
हातात गाडीच्या कागदांची पिशवी,
रशियन तिला आमच्याइतकंच कळत होतं.
ती काही बोलली नाही. खाली बसली,
स्वतःचं नख फिरवलं,
आणि उठताना म्हणाली, "दीडशे डॉलर कमी कर."

पाऊण तास ते भांडले.
मी तोवर बॉनेट केलं, छत केलं, तिन्ही दारं.
वाटीतल्या नखांच्या रेघा गेल्या,
अंगठीची अर्धी गेली.
फोमची चकती ओली, मनगट बधिर,
जिथे जाळं होतं तिथे आता
शेडचं छप्पर, एकेका खिळ्यासकट.

ऐंशीवर सौदा तुटला.

शेवटी चौथं दार नुसतं पुसायला घेतलं.
पॉलिशची पांढरी भुकटी उडून
त्या रेघांमध्ये बसली होती;
तोंड आधीपेक्षा ठळक,
खडूने गिरवल्यासारखं.
ती टूथब्रशने काढायची असते.
ब्रश माझ्या खिशातच होता.

"आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं," शुशानिक म्हणाली,
चावी घेत,
"तुझी ही मेहनत रविवारपर्यंत."
मग त्या तोंडाकडे बघून,
"याला नाक कसं नाही?"

मी ब्रश खिशातच राहू दिला.
फाटकाचं लोखंड वर उचलून धरलं,
तिची गाडी बाहेर निघेस्तोवर.